चाहत्याचा हक्क

ज्याच्या हातीं मत नाहीं कीं भागभांडवल नाहीं, अशा क्रीडाप्रेमी मनुष्यास आपल्या संघाच्या प्रशिक्षकाची निवड फसल्यावर रागावण्याचा हक्क आहे काय?

दोन प्रसंग पाहूं. २००७ च्या विश्वचषकांत भारतीय क्रिकेटसंघ पहिल्याच फेरींत बाद झाला. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनीं पुढें पद सोडलें. पण त्यापूर्वींच रांचीस धोनीच्या घराची नासधूस झाली होती. २०१७ सालीं अनिल कुंबळे एका वर्षांतच पायउतार झाले. कर्णधारास त्यांची पद्धत रुचत नाहीं, एवढेंच त्यांच्या निवेदनावरून कळलें. लोक चिडून विचारूं लागले, ‘असें कां?’ पहिल्या रागास जय हवा होता, दुसऱ्यास कारण.

साखर कारखान्यासारख्या सहकारी संस्थेचा सभासद आपल्या भागाच्या बळावर वार्षिक सभेंत जाब विचारूं शकतो. चाहत्यापाशीं तसा भाग नसतो हें खरें. परंतु खेळाचा सारा डोलारा त्याच्याच प्रेमावर उभा असतो. जय मागण्याचा हक्क कोणासच नाहीं, कारण विचारण्याचा मात्र त्यास आहे, असें आम्हांस वाटतें. मिळालेलें उत्तर शांतपणें ऐकणें, हें त्या हक्काचें मोल होय.