वाटेवर पडलेल्यास हात

कोल्हापूरच्या तालमींत पडलेला मल्ल आपल्या बळानें उठतो. परंतु लुटारूंनीं पाडलेल्यास दुसऱ्याचा हात लागतो. सन २०११ च्या एप्रिलांत सोनसाखळीसाठीं चोरट्यांनीं व्हॉलीबॉलपटू अरुणिमा सिन्हा हिला बरेलीजवळ धावत्या आगगाडींतून ढकलून दिलें. रात्रभर ती रुळांपाशीं पडून होती. सकाळीं खेडुतांनीं तिला इस्पितळांत पोहोंचविलें. एक पाय कापावा लागला. तरी बचेंद्री पाल यांच्या शिकवणीनें, कृत्रिम पायावर, ती २१ मे २०१३ रोजीं एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. जग शिखर पाहतें. प्रभु त्या खेडुतांचे हातही पाहतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण जाणतां. तर वाटेंत कोणी पडलेला दिसल्यास, जात न विचारितां, त्यास उचला. आमेन.