परतलेला सोबती

वाचनाचा भाग : प्रेषितांची कृत्ये १३:१३ व १५:३६-४१, २ तीमथ्य ४:६-१३

नऊ दिवस सायकलीवर खेडोपाडी फिरून आम्ही अखेर कसाऱ्याचा घाट चढलो व इगतपुरीस येऊन पोहोचलो. नाशिकहून निघून पेठ, हरसूल, त्र्यंबक, मोखाडा, खोडाळा व विहीगाव ह्या वाटेने आमचा दौरा झाला. भाताची कापणी उरकत आली होती व खळ्यांवर मळणी चालली होती. दिवसा कोणी मोकळे नसे. म्हणून रात्री अंगणात शेकोटीभोवती बसून वचन सांगावे आणि पहाटे पुन्हा पुढच्या पाड्याची वाट धरावी, असा आमचा क्रम होता.

इगतपुरीच्या स्टेशनात सायकल भिंतीस टेकून आम्ही बाकावर बसलो, तेव्हा मनात प्रथम कोणता विचार आला तो लपवीत नाही. धाव संपविल्याविषयी पौलाने तीमथ्यास जे लिहिले ते आम्हांस आठवले, आणि आपणही तसेच काही केले असे वाटून मन फुगले. परंतु त्याच बाकावर देवाने आमचा अभिमान उतरविला. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

निघताना आम्ही एकटे नव्हतो. एक प्रचारक बंधू सोबत होता. पाचव्या दिवशी मोखाड्यास त्यास घरून निरोप आला की, धाकट्या मुलास ताप भरला आहे. तो परत जावयास निघाला. आम्हांस राग आला. नांगरास हात घातलेल्याविषयी प्रभूने जे म्हटले आहे ते आम्ही भर रस्त्यात त्यास ऐकविले. त्याने मान खाली घातली. मग आपल्या पिशवीतून एक नवी ट्यूब व हवा भरण्याचा पंप काढून तो म्हणाला, “पाळकसाहेब, हे तुमच्याजवळ असू द्या. पुढे दुकान नाही.” एवढे बोलून तो गेला. आम्ही त्याचे आभारही मानले नाहीत.

खोडाळ्याच्या पुढे रानात, दिवस कलला असता, आमच्या मागच्या चाकाची ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली. तेथे ठिगळ बसत नाही, हे सायकल चालविणारा प्रत्येक जण जाणतो. जवळ गाव नव्हते. त्या बंधूची ट्यूब चाकात घातली, त्याच्याच पंपाने हवा भरली, आणि रात्री विहीगावास पोहोचलो. पुढचा सर्व घाट आम्ही त्या ट्यूबवर चढलो. तरीही आमचे हृदय मऊ झाले नाही; तो अर्ध्यावरून परतला, हेच आम्ही मनात घोळवीत होतो.

आता स्टेशनातील गोष्ट ऐका. ह्या घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ असा की, ३७ फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांस बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची रेटतात. इगतपुरीस गाडी आली की बँकर सोडतात. गाडी नाशिकाकडे जाते आणि बँकर कसाऱ्यास परततात. आमच्या डोळ्यांसमोर एक गाडी आली, बँकर सुटले व मागे फिरले. ते अर्ध्यावरून पळाले असे कोणी म्हणाले काय? आम्ही आमच्या मागच्या चाकाकडे पाहिले आणि लाजलो.

बंधूंनो, मार्क म्हटलेला योहान पर्गाहून यरुशलेमेस परतला. का परतला, हे शास्त्र सांगत नाही. पौलास ते इतके लागले की, पुढच्या फेरीस त्याने मार्कास नेले नाही, आणि त्यावरून बर्णबा व तो वेगळे झाले. बर्णबाने मात्र मार्कास जवळ घेऊन कुप्राची वाट धरली. आता तीमथ्यास लिहिलेले ते पत्र पुन्हा उघडा. धाव संपविल्याचे सांगून पौल थांबत नाही. तो त्रोवसास राहिलेला आपला झगा व पुस्तके मागतो, आणि मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, अशा अर्थाचे लिहितो. परतलेल्या सोबत्यास त्याने पुन्हा हाक मारली.

जगाच्या कामातही असेच दिसते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १८ मार्च १९२८ रोजी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून मुंबईस परत आले. त्यांचे धैर्य थोर होय. परंतु इतर तिघांपैकी एक जण तेहरानहून घरी परतला. तेथपर्यंतची धूळ त्यानेही खाल्ली होती. जे पोहोचले त्यांच्या हिशेबात, जे परतले त्यांचीही सोबत जमा आहे.

प्रचारक बंधूंनो, दौरा संपला म्हणजे किती कोस चाललो हे मोजावयास बसू नका. पौल व बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमविली व देवाने काय केले ते सांगितले. तुम्हीही सांगा; आणि सांगताना, ज्याने भाकर दिली, ज्याने वाट दाखविली व ज्यास अर्ध्यावरून परतावे लागले, त्या सर्वांची नावे घ्या. कोणी खरोखर भिऊन परतला असला तरी त्याचे दार बंद करू नका. कदाचित पुढच्या फेरीस तोच उपयोगी पडेल.

त्याच बाकावरून आम्ही त्या बंधूस क्षमा मागणारे पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले : मूल बरे आहे, आणि पुढील दौरा केव्हा निघणार? त्याची ट्यूब अजून आमच्या चाकात आहे. तिच्या बदली नवी ट्यूब घेऊन आम्ही येत्या आठवड्यात त्याच्या गावी जाणार आहो. इगतपुरीस आमची सायकल थांबली खरी. परंतु आमचा दौरा त्याच्या दारी पुरा होईल. प्रभू आम्हांस व तुम्हांस तेथपर्यंत नेवो. आमेन.