वगळलेल्यांची वही

१७४३ सालच्या मार्चमध्ये जॉन वेस्लीने न्यूकॅसलच्या मेथडिस्ट मंडळीतून काढून टाकलेल्यांचा हिशेब आपल्या रोजनिशीत लिहिला. एकूण ६४ जण. १७ दारू पिणारे, दोन दारू विकणारे, दोन शिव्या देणारे, दोन रविवार न पाळणारे, तीन भांडखोर, तीन सराईत खोटारडे, चार लोकांची निंदा करणारे, एक आळशी, आणि बायकोला मारणारा एक. उरले २९. त्यांचा दोष काय, तर उथळपणा आणि बेफिकिरी.

२९वर हसू येतं. पण खरं अडखळायला होतं ते त्या ‘एक’पाशी. एवढ्या मोठ्या मंडळीत बायकोला मारणारा एकच होता, यावर कोण विश्वास ठेवेल? वहीपर्यंत पोहोचलेला एकच होता, इतकंच.

आज जुन्या खेडेगावातल्या छोट्याशा मेथडिस्ट चर्चचा इतिहास लिहायला कुणी बसलं, की हातात येतात ते असेच कागद. बाप्तिस्म्याची नोंदवही, वर्गणीचा हिशेब, सभासदांची यादी, आणि ‘क्लास’ची हजेरी. या क्लासची सुरुवात मोठी गमतीची आहे. १७४२मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले आणि दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायला एकेक प्रमुख नेमला. पेनी मागायला घरोघरी गेलेल्या प्रमुखांना घरांमधलं बरंच काही दिसलं. कोण पितो, कोण भांडतो. वेस्लीच्या लक्षात आलं, की ही तर माणसं सांभाळायची उत्तम सोय आहे. कर्जवसुलीची वही अशी आत्म्याची वही झाली. पुढे हजेरीच्या रकान्यात खुणा आल्या: हजर, आजारी, कामात अडकलेला, हयगय केलेला. मेसेज पाहूनही उत्तर न देणाऱ्याची नोंद ठेवावी, तसंच काहीसं.

आता प्रश्न असा, की हे कागद आपण वाचावेत का? त्या माणसांनी प्रमुखाला दार उघडलं होतं, आपल्याला नाही. दोनशे वर्षांनी कुणा अनोळखी माणसाने फोनवर आपलं नाव शोधावं आणि पुढ्यात ‘दारूपायी काढला’ एवढंच यावं, याला कुणाचीच संमती नव्हती. मेलेल्या माणसाची अब्रू नसते, असं आपण फार सहज धरून चालतो.

पण याच वह्यांनी गरिबांना काय दिलं, तेही बघायला हवं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेर बाप्तिस्मा झालेल्या मुलाचा जन्म कोर्टात सिद्ध करणं अवघड असायचं, कारण त्या नोंदींना पुरावा म्हणून मान नव्हता. १८१८मध्ये वेस्लियन मेथडिस्टांनी लंडनमध्ये स्वतःचं नोंदणी कार्यालय काढलं. सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती १८३७मध्ये. त्यानंतर देशभरातल्या चॅपलांच्या जुन्या वह्या सरकारने मागवून घेतल्या आणि पुरावा म्हणून मानल्या. शेतमजुराचं पोर कागदावर ‘आहे’ ठरलं ते असं.

नाव नसणं ही दर वेळी दया नसते, हे अमेरिकेत दिसतं. तिथल्या मेथडिस्ट चर्चने १७८६पासून वार्षिक अहवालात गोऱ्या आणि काळ्या सभासदांचे आकडे वेगवेगळे छापायला सुरुवात केली. दक्षिणेतल्या खेड्यांच्या वह्यांत गुलामांचं अनेकदा नुसतं पहिलं नाव सापडतं आणि शेजारी मालकाचं. ज्या वेस्लीने १७७४मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, त्याच्याच अनुयायांची ही वही. उद्या कुणी ‘त्यांच्या वंशजांना वाईट वाटेल’ म्हणून हे पान झाकायला निघालं, तर झाकली जाईल ती लिहिणाऱ्याची लाज. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याच्या पदरात काहीच पडणार नाही. माझा कल इथे ठरतो. वगळलेल्यांची यादी वगळणाऱ्यावरही बोलते, म्हणून ती फाडायचा अधिकार संस्थेला नाही. तिचं त्यात उघड हित आहे.

शिवाय एका कागदाला दुसरा कागद लागतो. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावात १८१८मध्ये लहानसं चॅपल उभं राहिलं. त्याच गावचा जॉर्ज लव्हलेस शेतमजूर होता आणि मेथडिस्ट उपदेशकही. १८३४मध्ये, मजुरी कमी होत चालली म्हणून संघटना केलेल्या सहा जणांत तो होता. कोर्टाने बेकायदा शपथ घेतल्याचं कारण काढून त्यांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं. लोकांच्या रेट्यामुळे १८३६मध्ये माफी मिळाली. कोर्टाच्या दप्तरात तो गुन्हेगार. चॅपलच्या लेखी तो रविवारी लोकांसमोर उभा राहून बोलणारा माणूस. दोन्ही वह्या ठेवल्या तरच यातला अन्याय दिसतो.

इंग्लंडमध्ये जनगणनेचे तपशील १०० वर्षं बंद ठेवतात. शिक्षेच्या नोंदींना मी हाच नियम लावेन: जपून ठेवा, पण नावानिशी शोधता येतील अशा त्या घाईने नेटवर टाकू नका. अपवाद एकच. आपल्या आजीचं नाव त्यात आहे का, असं विचारत कुणी आलं, तर वही लगेच काढून द्यावी, आणि आजीबद्दल ते लिहिलं कुणी, तेही सांगावं.