रानातली शीळ

आज एका जुन्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. त्याच्या नादाने आपण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला थोडं आणि थोडं बोथ्याच्या रानातही जाऊन येऊ.

चित्रपट ऑस्ट्रियाचा, 1954 सालचा. 'डेर फोर्स्टर फोम झिल्बरवाल्ड', म्हणजे रुपेरी रानाचा राखणदार. आल्प्सच्या डोंगरात एक खेडं आहे, त्याला लागून जुनं जंगल आहे आणि त्या जंगलाची राखण करणारा हुबर्ट नावाचा तरुण आहे. जुनी झाडं तोडून विकायचं गावात ठरतं. हुबर्ट मध्ये पडतो आणि रान वाचतं. मग गावातल्या एका वयस्क, मानाच्या गृहस्थाची नात लीझल व्हिएन्नाहून येते. ती मूर्ती घडवणारी, शहरात वाढलेली. हुबर्ट तिला रान दाखवतो आणि तिचं मन रानात गुंतत जातं, त्याच्यातही. अशात शहरातला तिचा मित्र तिथे येतो आणि चोरून एका उमद्या नर हरणाला गोळी घालतो. गोळी कुणाची, हे हुबर्टला कळतं. पण नाव घेतलं तर लीझलच्या जिवाला लागेल, म्हणून तो तोंड मिटून घेतो आणि नोकरी सोडून निघून जातो. खरं काय घडलं ते तिला पुढे समजतं आणि ती त्याच्याकडे परत येते. गोष्ट एवढीच.

त्या काळी जर्मनी-ऑस्ट्रियात अशा चित्रपटांची लाटच आली होती. डोंगर, हिरवी कुरणं, साधी माणसं आणि शेवट गोड. जाणकारांनी त्यांना भाबडं म्हणून नाकं मुरडली. मला ते पटत नाही. हे चित्रपट बघायला कोण बसलं होतं, ते आधी बघायला हवं. महायुद्धात शहरंच्या शहरं ढिगारा झाली होती. लाखो माणसं घरदार सोडून परक्या गावात राहत होती. ऑस्ट्रियात तर 1955 पर्यंत चार देशांच्या फौजा ठाण मांडून होत्या. त्या माणसांना अंधारात बसून दीड तास एक न मोडलेलं रान बघावंसं वाटलं, तर त्यात भाबडं काय आहे? आपल्या घरी दुखवट्यात शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन येते. त्या पिठल्यात मीठ किती पडलं, हे कुणी मोजत नाही.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या चित्रपटामागे तिथल्या शिकारी मंडळींच्या संघटनेचा पुढाकार होता. रान आणि रानातले प्राणी लोकांना दाखवावेत, हा मूळ हेतू. पण नुसती हरणं बघायला कोण येणार? हुबर्ट-लीझलची प्रीत त्यात आली आणि तिच्या बोटाला धरून ते रान हजारो घरांत शिरलं.

आपल्याकडे 1947च्या 'जय मल्हार'पासून मराठी पडद्यावर खेडं रुळलं. त्यात पाटील आला, वाडा आला, तमाशाचा फड आला. रान मात्र मागेच उभं राहिलं. आपलं रान आलं ते कवितेतून, आणि ती कविता आपल्याच जिल्ह्यातली.

ना. घ. देशपांडे. जन्म 1909चा. पैनगंगेकाठच्या मेहकरात वकिली करत त्यांचं आयुष्य गेलं. पुण्या-मुंबईच्या मैफिलींपासून दूर, तालुक्याच्या गावी, दिवाणी दाव्यांच्या कागदांत बसलेला हा माणूस तरुणपणी 'शीळ' नावाची कविता लिहून गेला. रानात शीळ घुमते आणि ती ऐकून एका खेड्यातल्या बाईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. बोली तिचीच, रुसवाही तिचाच. जी. एन. जोशींनी ती गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंदावली, असं जाणकार सांगतात. ज्यांनी विदर्भ कधी पाहिला नव्हता, त्यांच्या माजघरात मेहकरकडचं रान त्या तबकडीवरून जाऊन पोचलं. 'शीळ' नावाचा त्यांचा संग्रह पुस्तकरूपाने आला तोही 1954 सालीच. पुढे 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोवर 1986 साल उजाडलं होतं.

हुबर्ट बोलत नाही आणि 'शीळ'मधला तो गडीही बोलत नाही. एक गप्प राहतो, दुसरा शीळ घालतो. रानातल्या माणसाला प्रेम सांगायला शब्द कमीच लागत असावेत.

लहानपणी आजीबरोबर एसटीने बुलढाण्याहून खामगावला जायचो. बोथ्याचं रान लागलं की ती मला खिडकीशी ओढायची. फाल्गुन असेल तर म्हणायची, "पाय बापू, पळस पेटला." सागाची पानं गळून गेलेली, मधूनच अंजनाचं एखादं झाड, आणि उघड्या डोंगरावर ती केशरी फुलं. गाडी घाटात हळू व्हायची तेव्हा कुठून तरी गुराख्याची हाळी यायची. आजी तेवढ्यापुरती बोलायची थांबायची. ती काय ऐकत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. ते राहून गेलं.

तेच रान आज ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. 2019च्या डिसेंबरात तिथे एक तरुण वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर, दोन राज्यांतून वळणं घेत सुमारे तेराशे किलोमीटर चाललेला. राहायला जागा आणि जोडीदारीण शोधत तो आला होता. जागा त्याला इथे मिळाली, वाघीण मात्र या रानात नव्हती. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. जिल्ह्यातले लोक घरातल्या मुलाच्या सोयरिकीबद्दल बोलावं तसे त्याच्याबद्दल बोलत होते. ती माया मला खरी वाटते. रानावर प्रेम करा, असं कुणी सांगून होत नाही. एखाद्याची गोष्ट कळावी लागते.

आज कुणी बोथ्याच्या रस्त्याने निघाला असाल, तर एवढं करा. रान लागलं की हॉर्न वाजवू नका, मोबाइलवरचं गाणं बंद करा आणि गाडीची काच खाली घ्या. शेजारी घरातलं म्हातारं माणूस बसलेलं असेल, तर त्यांना काय ऐकू येतंय ते आजच विचारा.