नकाशात पार्किंग, जागेवर दुकान

फोन आत ठेवा आणि आपापल्या शीट टेबलावर पसरा. एका गुंठ्याच्या भूखंडावर खाली दुकान, वर घर, एवढाच विषय दिला होता. मॉल मागितला नव्हता. आपल्या शहरांतली निम्मी पोटं अशाच इमारतींवर चालतात, म्हणून मुद्दाम दिला होता. आणि तुम्ही काय आणलंत? बहुतेक शीटवर तळमजल्याला दुकान नाहीच. मोठ्या अक्षरांत ‘पार्किंग’ लिहिलंय.

मग सेक्शनमध्ये त्या पार्किंगची उंची साडेतीन मीटर कशासाठी? गाडीला २.४ मीटर पुरतात. बीमखाली शटरची पेटी कोणासाठी काढलीत? रस्त्याच्या बाजूने तीन पायऱ्या चढून आत जायचंय, तर गाडी काय पायऱ्या चढणार आहे? नकाशात खोटं लिहायचं आणि सेक्शनमध्ये ते उघडं पाडायचं! म्हणजे लबाडी करण्याइतकीही मेहनत घेतली नाहीत.

हा डाव मला कळत नाही असं समजू नका. पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकामाच्या हिशेबात, मोजत नाहीत, दुकान मोजतात. कागदावर पार्किंग दाखवलं की तेवढंच बांधकाम वर चढवता येतं. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की गवंडी बोलवायचा, भिंत घालायची, शटर बसवायचं. ‘सर, बाहेर सगळे असंच करतात’ हे मागच्या बाकावरून आलेलं उत्तर मी ऐकलंय. सगळे करतात म्हणूनच गाड्या रस्त्यावर आणि माणसं गाड्यांच्या मधून चालतात. उद्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम हटवण्याची, नोटीस येईल, ती तुमच्या दारावर चिकटणार नाही. बायकोचे दागिने गहाण ठेवून ज्याने दुकान थाटलं, त्याच्या शटरवर चिकटेल. तुम्ही तोवर फी घेऊन मोकळे झालेले असाल. याला व्यवसाय म्हणत नाहीत, गिऱ्हाइकाला तोंडघशी पाडणं म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. नियमावली उघडली तरी होती का? २ डिसेंबर २०२० ला एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. बृहन्मुंबई आणि वगळलेली काही क्षेत्रं सोडली, तर सगळ्या महाराष्ट्राला ती लागू आहे. त्यात निवासी भागाचे आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार आहेत आणि ते ठरतात समोरच्या रस्त्यावरून. दाट वस्तीत ९ मीटर, तिच्याबाहेर १२ मीटर. रस्ता तेवढा किंवा त्याहून रुंद असेल तर आर-२, दुकानांना बरीच मोकळीक. त्याहून अरुंद असेल तर आर-१, तिथे परवानगीची यादी आखूड आणि अटी जास्त. म्हणजे पेन्सिल उचलण्याआधीचा पहिला प्रश्न काय? रस्ता किती मीटरचा. किती जणांनी साइट प्लॅनवर रस्त्याची रुंदी लिहिलीय? खाली बघू नका, शीटवर बघा. झाडांच्या सावल्या मात्र सगळ्यांनी रंगवल्यात.

याच नियमावलीने छोट्या मालकाला एक सवलत दिलीय. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचं बांधकाम असेल, तर तंत्रज्ञाने नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि मिळालेली पावती हीच परवानगी. वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या माणसाला त्या कटकटीतून सोडवण्यासाठी हे आहे. पण त्याचा दुसरा अर्थ तुमच्या डोक्यात शिरलेला दिसत नाही. तिथे आधी नकाशा तपासणारं दुसरं कोणी नाही. तुमची सही हीच तपासणी. आणि त्या सहीखाली तुम्ही ‘पार्किंग’ लिहिणार?

चला, हिशेब करू. फळ्याकडे बघा. भूखंड ८ बाय १२.५ मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास गुंठा. तुमच्याच शीटवरची सामासिक अंतरं घेतो: पुढे ३ मीटर, दोन्ही बाजूंना आणि मागे दीड दीड मीटर. उरलं ५ बाय ८. शंभरातले चाळीस! जिना आणि त्याचा चौक दहा खातो. आत एक गाडी ठेवायची तर तिला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा. राहिले साडेसतरा चौरस मीटर. दुकान म्हणायचं ते एवढंच. काही जणांनी हुशारी करून गाडी पुढच्या मोकळ्या जागेत ढकललीय. तीन मीटरच्या जागेत पाच मीटरची गाडी उभी केलीत तर तिचं शेपूट फुटपाथवर येतं, आडवी केलीत तर शटर झाकतं. हे पाच मिनिटांचं गणित आहे. दोन आठवड्यांत एकालाही करावंसं वाटलं नाही.

आणि जिना! काय करून ठेवलंय हे? वरच्या घरात जायची वाट दुकानातून. जागा वाचली म्हणून खूश आहात. ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि दुकानातच राहणारे एकाच कुटुंबातले चौघे गेले. रंग, थिनर, वायर, पुठ्ठे खाली आणि झोपलेली माणसं आत किंवा वर. बाहेर पडायला शटरखेरीज वाट नाही. खाली दुकान, वर घर हा प्रकार वाईट नाही, पिढ्यान् पिढ्या लोक असे राहत आलेत. पण घराचा जिना थेट रस्त्यावर उघडला पाहिजे आणि दुकान व जिना यांच्यामध्ये पक्की भिंत हवी. यात तडजोड नाही. दुकान दीड मीटरने आखूड झालं तर होऊ दे.

‘पण सर, नियमच आंधळा आहे.’ हा एकच मुद्दा ऐकण्यासारखा आहे. खरंय, नियम रस्ता मोजतो, अंतर मोजतो; आत शिंप्याचं मशीन चालणार की वेल्डिंग, याचा विचार त्या मानाने कमी करतो. पण तुमच्या आधी लोकांनी यावर डोकं चालवलंय, ते वाचा. जपानमध्ये सगळ्यांत कडक, कमी उंचीच्या घरांच्या निवासी भागातही घराला जोडून दुकान चालतं. अट अशी की ते ५० चौरस मीटरच्या आत हवं आणि इमारतीच्या निम्म्याहून कमी. दिल्लीत २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवासी भागातल्या दुकानांना सील लागलं, व्यापारी रस्त्यावर उतरले. २००७ च्या मास्टर प्लॅनमध्ये शेवटी तळमजल्यावरच्या २० चौरस मीटरपर्यंतच्या दुकानांना, ठरावीक मालापुरती, वाट करून द्यावी लागली. फळ्यावर आपलं किती उरलं होतं? साडेसतरा. म्हणजे एवढ्याशा दुकानासाठी नियम वाकवावा लागतो असं नाही. तो नीट लिहिता येतो. दुकानाचा आकार, धूर, आवाज, माल उतरवायची वेळ, आगीपासून वेगळेपण, एवढं ठरवून घ्या आणि मग रस्त्याच्या रुंदीचा बाऊ कमी करा.

हे म्हणायची जागा कुठली? नकाशातली खोटी पाटी? नियमावलीत फेरबदल करायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये तरतूद आहे. सूचना प्रसिद्ध होते, हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. तुमच्यापैकी एकाने तरी कधी एक पान लिहून दिलंय? चहाच्या टपरीवर नियमांना शिव्या घालायला सगळे पुढे, अर्ज लिहायला कोणी नाही. नियम चुकीचा वाटतो तर त्याच्याशी उघड भांडा. चोरून मोडलात, तर तो जसाच्या तसा राहतो आणि त्याची किंमत छोटा माणूस मोजतो.

या सगळ्या शीट परत घेऊन जा. पुढच्या गुरुवारी नवीन हव्यात. रस्त्याची रुंदी आकड्यात, दुकान ‘दुकान’ म्हणून आणि एफएसआयमध्ये मोजलेलं, जिना रस्त्यावर उघडणारा. सोबत एक पानाची हरकत, नियमात नेमकं काय बदलायला हवं आणि का. ज्याच्या नकाशात पुन्हा पार्किंगमागे शटर सापडेल, त्याला शून्य. मग माझ्या केबिनबाहेर ताटकळत उभं राहू नका.