दाबलं की कसं वाटतं?

गडमुडशिंगी गावात कुणाचं पोट डब्ब झालं की पहिला प्रश्न ठरलेला: काल काय खाल्लंस? मग ओवा चावायचा, हिंग घातलेलं ताक प्यायचं. तान्हं बाळ असेल तर त्याच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी. चिनी वैद्यही खाण्याची चौकशी करतो. पण तो पोटावर तळवा ठेवून सावकाश दाबतो आणि विचारतो, आता कसं वाटतं?

पुढचं बरंचसं या दाबण्यावर ठरतं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याची शिकवण अशी, की फुगलेलं पोट दाबून दुखलं तर आत काही साचलंय. दुखलं नाही तर पोटाची ताकदच कमी पडलीय.

आपल्याला हे चटकन पटत नाही. पोट फुगलं म्हणजे आत काहीतरी जास्त झालं, ते काढून टाकलं की सुटलो, असं आपण धरून चालतो. चिनी वैद्यक मात्र फुगीकडे अडलेली हालचाल म्हणून बघतं. जठराने अन्न खाली सारायचं, प्लीहेने त्यातलं सार वर चढवायचं. (ही त्यांच्या शास्त्रातली प्लीहा, शरीरशास्त्रातली वेगळी.) वाट तुंबली तरी हे काम थांबतं आणि सारणाऱ्यात जोर नसला तरी थांबतं.

पंगतीत आग्रहाने जेवलेला तरुण घ्या. पोट घट्ट, हात लावू देत नाही, आंबूस ढेकरा, जिभेवर जाड थर. त्याला मुळ्याचं बी, मॅग्नोलियाची साल अशी मोकळं करणारी औषधं. आता आजारातून उठलेली बाई बघा. चार घास खाल्ले की पोट वर येतं, संध्याकाळी परकराची नाडी सैल करावी लागते, सकाळी पुन्हा उतरलेलं असतं. गरम हात ठेवला की तिला बरं वाटतं. जीभ फिकी, कडेला दातांचे वळ. तिला जिनसेंग, सुंठ आणि ऊन, मऊ जेवण. तिला रेचक दिलं तर त्या दिवशी हलकं वाटेल, पण होता तो जोरही जाईल आणि पोट पुन्हा फुगेल. मला या विचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण पोट फुगलं की एरंडेल ही आपल्याकडची जुनी खोड.

हिमालयातलं कोष्ठ नावाचं औषधी मूळ भारतातून चीनमध्ये गेलं आणि फुगीवरचं त्यांचं नेहमीचं औषध झालं. पण अशक्त माणसाला ते एकटं देत नाहीत; सोबत बळ देणारं काही असतंच.

औषधांखेरीज चिनी वैद्य फुगीवर सुयाही टोचतात, म्हणजेच अ‍ॅक्युपंक्चर. त्यातला मुख्य बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. जेवणानंतर पोट भरून येणाऱ्या २७८ रुग्णांवर चीनमध्ये झालेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. खऱ्या उपचाराने शंभरात ८३ जणांना उतार पडला. बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्यांतही ५२ जणांना पडला. म्हणजे सुयांचा उपयोग आहे, पण उतार पडला त्याचं सगळं श्रेय त्यांचं नाही. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी असलेल्याकडेच जावं.

आणि तळव्याला सगळंच कळत नाही. पोटातलं पाणी किंवा अंडाशयातली गाठ सुरुवातीला न दुखताच वाढते. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहिलं, वजन उतरू लागलं, तर ओवा आणि सुया बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावं आणि सोनोग्राफी करून घ्यावी.