वेगाचें भान



एवढें जड विमान आकाशांत कशाच्या आधारें राहतें, असें आमचीं लेकरें पुष्कळदां विचारतात. पुढें धांवण्याच्या वेगानें पंखांवरून जो वारा वाहतो, तोच त्यास उचलून धरतो. वेग फार उतरला म्हणजे पंखांचा आधार सुटतो, आणि यंत्रें चालू असलीं तरी विमान खालीं पडतें.

सन २००२ च्या आक्टोबर महिन्याच्या २५ व्या तारखेस अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत असेंच घडलें. तेथील सेनेटर पॉल वेलस्टोन हे पत्नी, कन्या व तीन सहकारी ह्यांसह एका अंत्यविधीस जात होते. विमान किंग एअर जातीचें, लहानसें, दोन यंत्रांचें, चालविणारे दोघे. एव्हलेथ येथील विमानतळ सुमारें दोन मैलांवर राहिला असतां तें उतरतां उतरतां झाडींत कोसळलें, आणि आंतील आठही जण मरण पावले.

त्या दिवशीं ढग खालीं आले होते व थंडी कडक होती. म्हणून पुष्कळांनीं बर्फास दोष दिला. कित्येकांनीं घातपाताची कुजबूज केली. परंतु सरकारी चौकशी मंडळानें सन २००३ मध्यें जें कारण ठरविलें तें अगदीं साधें होतें. चालविणाऱ्यांनीं वेग पुरेसा राखला नाहीं. तो घटत गेला, पंखांचा आधार सुटला, व विमान पुन्हा सांवरलें नाहीं. वेग दाखविणारा कांटा तर डोळ्यांपुढेंच होता.

मृतांस दोष लावावा म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. शिलोहांतील बुरूज ज्यांवर पडला ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असें आपल्या प्रभूनेंच शिकविलें. आणि ऐकणारांस स्वतःकडे पाहावयास लाविलें.

तर आपण आपल्या मंडळीकडे पाहूं या. सायंकाळची प्रार्थना एक आठवडा राहते, मग महिनाभर राहते. आजारी विधवेकडे उपदेशक जाईल असें वडील म्हणतात. वडील जातील असें उपदेशक म्हणतो. आणि ती एकटीच तापानें फणफणत पडते. घंटा वाजते, वर्गणी जमते, यंत्र चालू दिसतें. परंतु आधार सुटत असतो. मग मंडळी मोडली म्हणजे आपण दुष्काळास, गांवकऱ्यांस, नाहीं तर सैतानास दोष देतों.

उतरण्याची वाट चुकली असें दिसतांच उतरणें सोडून पुन्हा वर जावें, असा वैमानिकांचा नियम आहे. पश्चात्तापही असाच वेळेवर करावा. आणि शेजारचा बंधु, “दादा, वेग उतरत आहे,” असें म्हणेल, तर त्यास वैरी समजूं नये. त्याच्या एका शब्दानें सगळ्यांचे प्राण वांचतील.

प्रभु आपणांस जागें राहण्याची, व जागें करणाऱ्याचें ऐकण्याची कृपा देवो. आमेन.